मुलं झोपल्यावरच इतकी गोड का वाटतात?

पत्र थोडक्यात

“संध्याकाळी सहा ते नऊ मुलं माझ्याकडे असतात, कारण पत्नीची कामाची पाळी त्या वेळची आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा लवकरच तीनचा होईल. त्या तीन तासांत माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. जेवण, अंघोळ, भांडणं सोडवणं आणि गेला महिनाभर तेच एक अस्वलाचं पुस्तक. खरं सांगायचं तर मला कंटाळा येतो. आणि मुलं झोपली की मी फोन काढून त्यांचेच जुने व्हिडिओ बघत बसतो. कधी कधी डोळे भरून येतात. ती शेजारच्या खोलीत असतात आणि मी त्यांना फोनमध्ये बघत असतो! हा ढोंगीपणाच नाही का? पत्नीला त्यांच्या प्रत्येक गोष्टीत गंमत दिसते. सगळे सांगतात, हे दिवस परत येणार नाहीत, एकेक क्षण जगून घे. मी कृतज्ञतेची वही सुरू केली, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. थोड्याच दिवसांत ‘मुलं निरोगी आहेत’ हेच वाक्य रोज उतरवू लागलो, मग वही बंद. परवा मुलगा म्हणाला, ‘बाबा, बघ.’ मी म्हणालो, ‘हो, छान.’ तो म्हणाला, ‘तू बघितलंच नाही.’ मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं ओळखीत आहेत. ती आठवली की लाज वाटते. माझ्यातच काही कमी आहे का?”

उत्तर

नमस्कार,

‘मला कंटाळा येतो’ हे लिहिण्याआधी तुम्ही ‘खरं सांगायचं तर’ असं म्हणून घसा साफ केलात. आईबाबांनी थकलेलं चालतं, चिडलेलंही चालतं, झोप न झाल्याचं तर कौतुकसुद्धा होतं. कंटाळ्याची कबुली मात्र कोणी देत नाही. मुलांचा कंटाळा येणं म्हणजे मुलं नकोशी होणं, असा एक हिशेब आपण मनात करून ठेवलेला असतो. तो हिशेब चुकीचा आहे, आणि तुमच्या निम्म्या त्रासाचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं.

२००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोकरी करणाऱ्या ९०९ स्त्रियांना आदला अख्खा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला सांगितला आणि त्या त्या वेळी मनाची अवस्था कशी होती हे विचारलं. आनंदाच्या क्रमवारीत मुलांची देखभाल बरीच खाली आली. टीव्ही बघणं आणि स्वयंपाक करणंही तिच्या वर होतं. घरकाम आणि नोकरीचे तास तिच्या खाली. ही बातमी तेव्हा ‘मुलं आईबाबांना सुख देत नाहीत’ अशा थाटात खूप फिरली. पण २००९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. एखादं काम करताना किती मजा आली आणि ते किती सार्थकी लागल्यासारखं वाटलं, हे त्यांनी वेगवेगळं मोजलं. मुलांबरोबरचा वेळ मजेच्या मानाने सार्थक वाटण्यात बराच वर निघाला.

म्हणजे सहा ते नऊ घड्याळ बघणारे तुम्ही आणि साडेनऊला डोळे पुसणारे तुम्ही, दोघंही खरे आहात. एकजण तो वेळ काढत असतो, दुसरा त्याचा अर्थ लावत असतो. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणं कठीणच आहे. गाडी चालवणाऱ्याला घाटाचा देखावा दिसत नाही. त्याची नजर वळणावर असते, आणि ती तिथेच असलेली बरी. मुलं जागी असताना तुम्ही चालक असता. कोण पाण्यात घसरेल, कोण कोणाचा चेंडू पळवेल, उद्याचे कपडे कुठे आहेत, हे सगळं डोक्यात चालू असतं. झोपलेलं मूल काहीच मागत नाही, म्हणून ते निवांत बघता येतं. यात ढोंग कुठे आलं?

आता ‘एकेक क्षण जगून घे’ या सल्ल्याबद्दल. मला तो आवडत नाही, हे सांगूनच टाकते. तो देणाऱ्यांची मुलं बहुधा मोठी झालेली असतात आणि त्यांना आठवतात त्या निवडलेल्या गोष्टी. नाक पुसणं, बूट शोधणं, ‘मला निळाच पेला हवा’ म्हणून चाललेलं रडणं त्यांच्या स्मरणातून कधीच गळून गेलेलं असतं. शिवाय या सल्ल्यात एक छुपी भीती आहे: आत्ता आनंद घेतला नाहीस तर पुढे पस्तावशील. धाकाने माणूस आज्ञाधारक होईल, आनंदी कसा होईल? तीन तासांतला प्रत्येक क्षण सुंदर असलाच पाहिजे असं ठरवलं की जो सुंदर नाही तो प्रत्येक क्षण आपलं अपयश वाटू लागतो. तेव्हा ही अट आधी मोडीत काढा. तीन तासांतली दहा मिनिटं पुरेत. राहिलेला वेळ हे काम आहे. ते प्रेमाचं काम आहे, पण कामच आहे, आणि ते नीट पार पाडणं हीसुद्धा मुलांना दिलेली मोठी गोष्ट आहे.

तुमच्या मनात कुठेतरी असंही असेल की चांगला बाप म्हणजे सतत मुलाच्या सुरात सूर मिसळणारा. बालमानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ह्या बाळांचं समोरासमोरचं खेळणं अगदी बारकाईने तपासलं. सगळं ठीक चाललेल्या जोड्यांतही दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. बाकी वेळ सूर चुकत होते आणि पुन्हा लागत होते. ट्रॉनिक यांच्या मते महत्त्व या पुन्हा लागण्याला आहे. बाळ त्यातून शिकतं की बिनसलेलं सावरता येतं.

हे लक्षात ठेवून तुमच्या मुलाचं ‘तू बघितलंच नाही’ पुन्हा ऐका. तुम्हाला त्यात आरोप ऐकू आला. मला त्यात विश्वास ऐकू येतो. आपण बोललो तर बाबा वळेल, असं वाटणारं मूलच असं तोंडावर सांगतं. पुढे तुम्ही काय केलंत हे पत्रात नाही. पुढच्या वेळी एवढंच करा: ‘खरंच नाही बघितलं. दाखव पुन्हा,’ असं म्हणा आणि बघा. हातातलं काम सोडता येत नसेल तर ‘हे झालं की बघतो’ असं सरळ सांगा आणि झालं की आठवणीने विचारा. न बघता म्हटलेलं ‘छान’ मात्र सोडून द्या. तीन वर्षांच्या मुलालाही ते कळतं, हे तुम्ही आता अनुभवलंच आहे.

बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. ‘सौंदर्य शोधा’ असं सांगणारे बरेच असतात. ते शोधायचं कुठे, हे फारसं कोणी सांगत नाही. बहुतेकांची अपेक्षा अशी असते की एखादा क्षण आपणहून चमकेल आणि आपल्याला भरून येईल. लहान मुलांच्या बाबतीत गोष्ट बहुधा तपशिलात असते, आणि ती भावनेआधी डोळ्यांना दिसावी लागते. ‘मुलगा गोड खेळत होता’ या वाक्यात तुम्ही काहीच बघितलेलं नाही. ‘मुलाने सगळ्या गाड्या एका रांगेत लावल्या, लाल तेवढी उलटी ठेवली, कारण ती दमली होती’ हे बघणं आहे. कृतज्ञता वाटली की नाही याचा विचार तेव्हा करूच नका. लाल गाडी दमली होती हे तुम्हाला माहीत आहे, जगात दुसऱ्या कोणालाही माहीत नाही. आत्तापुरतं एवढं खूप झालं.

अस्वलाच्या पुस्तकाचंच घ्या. महिनाभर तीच गोष्ट वाचायची म्हणजे मोठ्या माणसाची परीक्षाच. पण मुलाच्या बाजूने त्याला अर्थ आहे. २०११ मध्ये जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तेवढ्याच वेळा आले होते. त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांना ते शब्द जास्त चांगले आले. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलाचं लक्ष बारीकसारीक गोष्टींसाठी मोकळं होतं. म्हणजे त्याच्यासाठी ते पुस्तक रोज तेच नसतं. तुम्ही अस्वल बघू नका. अस्वल तुमचं पाठ झालं आहे. मुलाला बघा. महिन्याच्या सुरुवातीला तो नुसता ऐकत असेल. मग वाक्याचा शेवटचा शब्द तुमच्याआधी म्हणू लागला असेल. तुम्ही मुद्दाम एक शब्द चुकवलात तर आता तो तुम्हाला थांबवेल. कोणत्या पानावर तो अंग चोरून तुमच्याकडे सरकतो? कोणतं पान घाईने उलटतो? पुस्तक तेच असल्यामुळेच मुलातला बदल इतका स्वच्छ दिसतो. (आणि तरीही कंटाळा आलाच, तर ‘आज बाबा दमलाय, आज दुसरं पुस्तक’ असं म्हणायला हरकत नाही. मुलं तेवढं सोसतात.)

आता तुमची वही. ती बंद पडली ती तुमच्या आळसामुळे असं तुम्हाला वाटत असेल. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांनी २००५ मध्ये मांडलेला एक प्रयोग तुमच्या बाजूने बोलतो. सहा आठवडे काही लोकांनी आठवड्यातून एकदा आणि काहींनी तीनदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी लिहिल्या. समाधान वाढलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. तीनदा लिहिणाऱ्यांमध्ये तो फरक दिसला नाही. सारखं लिहिल्याने त्यातला ताजेपणा जातो आणि ते रतीब घातल्यासारखं होतं, असा त्यामागचा तर्क आहे. तुम्ही तर रोज लिहीत होतात. ‘मुलं निरोगी आहेत’ ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती रोज लिहिली की तिचा मंत्र होतो, आणि मंत्र म्हणताना माणूस भलत्याच विचारात असू शकतो.

म्हणून वही पुन्हा सुरू करायची असेल तर आठवड्यातून एकदाच उघडा, आणि ‘मी कृतज्ञ आहे’ हे शब्द त्यात येऊच देऊ नका. मुलांनी म्हटलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा, चुकीच्या उच्चारासकट. सहा वर्षांच्या मुलीचा एखादा प्रश्न लिहा. भांडण कशावरून झालं तेही लिहा, कारण भांडणाचं कारण बहुतेक वेळा ललित लेखापेक्षा सरस असतं. दोन ओळी पुरेत. ज्या आठवड्यात काही सुचणार नाही, तो कोरा सोडा.

असल्या क्षुल्लक ओळी कशाला जपायच्या, हा प्रश्न मनात येईल. टिंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांनी अगदी साध्या गोष्टी लिहून ठेवल्या: नुकतंच झालेलं बोलणं, ऐकत असलेली गाणी. काही महिन्यांनी त्या परत वाचायला किती आवडेल, याचा अंदाजही आधीच घेतला होता. प्रत्यक्षात त्यांना त्या अंदाजापेक्षा खूपच रंजक वाटल्या, आणि अंदाज जास्त चुकला तो साध्या दिवसांच्या बाबतीत. खास दिवस आठवणीत राहणार हे आपण धरूनच चालतो; साध्या मंगळवारची किंमत मात्र आपल्याला आधी करता येत नाही. तुमच्या रात्रीच्या व्हिडिओंचंही हेच आहे. ते चित्रित करताना तुम्हाला भरून आलं होतं का? बहुधा नाही.

फोनबद्दल मी तुम्हाला ‘तो बाजूला ठेवा’ असं साचेबंद सांगणार नाही. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग आहे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, तेव्हा स्मरणाचं हे नुकसान झालं नाही. म्हणून अख्खं मूल, अख्खी खोली, हसून बघणारा चेहरा यांचे वीस फोटो काढण्याऐवजी एकच काढा: पेन्सिल धरलेली बोटं, उलटसुलट घातलेले बूट. तो टिपताना तुम्हाला बघावंच लागेल. मग फोन खिशात.

पत्नीला प्रत्येक गोष्टीत गंमत दिसते, असं तुम्ही लिहिता. ती मुलांना दिवसाच्या कोणत्या वेळी भेटते? संध्याकाळचे तीन तास हे घरातले सगळ्यात चिडचिडे तास असतात. सगळे दमलेले, सगळे भुकेले. त्या तासांत तिला काय दिसलं असतं, हे तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. आणि तिला कंटाळा येतच नाही हे तुम्ही तिला विचारून लिहिलंय की बघून? विचारा. माझा अंदाज असा की तीही एखादी गोष्ट लपवत असेल. सुट्टीच्या दिवशी पाळ्या उलट करून बघा. तुम्ही सकाळ घ्या, संध्याकाळ तिला द्या. आठवड्यातला थोडा वेळ दोघांनाही मुलांशिवाय मिळेल असं बघा. मुलांची ओढ वाटायला मुलांपासून थोडं लांब जावं लागतं, आणि रात्री फोनमध्ये तुम्ही बहुधा तेच अंतर शोधत असता.

मूल व्हावं म्हणून वाट बघणाऱ्या लोकांची आठवण येऊन लाज वाटते, त्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. दुसऱ्याच्या अभावाकडे बघून स्वतःला कृतज्ञ व्हायला भाग पाडणं मला बरोबर वाटत नाही. त्याने तुमचा कंटाळा कमी होत नाही, त्यावर अपराधीपणाचा एक थर तेवढा चढतो. आणि त्या माणसांचं दुःख तुमच्या उपदेशाचं साधन होतं, हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर त्यांची विचारपूस करा. ‘आहे त्यात सुख माना’ या चालीची कृतज्ञता बहुतेक वेळा तक्रारीचं तोंड बंद करण्यासाठी वापरली जाते. तक्रार आणि कृतज्ञता एकाच घरात सुखाने नांदू शकतात. ‘आज दोघांनी जीव खाल्ला’ आणि ‘लाल गाडी दमली होती’ ही एकाच संध्याकाळची दोन खरी वाक्यं आहेत, आणि वहीत दोन्हींना जागा आहे.

आता मुलांच्या बाजूने एक गोष्ट. मोठेपणी बहुतेकांच्या पहिल्या आठवणी साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपासच्या असतात. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. तुमच्या मुलाला या संध्याकाळी फारशा आठवणार नाहीत. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. मला त्यातून एक काम दिसतं. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलंय की घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी भरभरून बोलणारे, ‘मग काय झालं? तुला काय वाटलं?’ असं विचारणारे आईबाबा असले की मुलं स्वतःच्या आठवणी जास्त तपशिलाने सांगू लागतात. म्हणून झोपताना ‘आज काय शिकलास’ ही चौकशी करू नका, दिवसातलं तुम्ही बघितलेलं एक काहीतरी सांगा: ‘आज तू ताईसाठी दार धरून ठेवलंस, मी बघितलं.’ पुढचं मुलगाच सांगेल. सहा वर्षांची मुलगी तर तुमची चूक दुरुस्त करेल. तिने तुमच्याकडे बघून काय टिपलं हेही विचारा. उत्तर नेहमीच सुखाचं असेल असं नाही. पण मुलांकडून ‘आज कशासाठी धन्यवाद म्हणशील’ हे रोज वदवून घेऊ नका. तुमच्या वहीचं जे झालं तेच त्याचंही होईल.

एक गोष्ट मी पत्रावरून ठरवू शकत नाही. कंटाळा फक्त सहा ते नऊमध्येच आहे का? की मित्र, आवडीचं काम, गाणं, खेळ, कशातच गेले दोन आठवडे किंवा त्याहून जास्त रस वाटत नाही? झोप उडाली आहे का? मुलांजवळ असूनही तुटल्यासारखं, यंत्रासारखं वाटतं का? तसं असेल तर वह्या-पुस्तकांचे सल्ले बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. नैराश्य बाबांनाही येतं. मूल होण्याच्या आसपासच्या काळात सुमारे दहापैकी एका बापात ते आढळतं, असं २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. पुढेही ते येऊ शकतं. पण रात्री व्हिडिओ बघून तुमचे डोळे भरून येतात, त्यावरून मला वाटतं की तुमच्या बाबतीत साधा थकवाच जास्त असावा.

ज्या वाचकांची मुलं मोठी आहेत, दार लावून बसणारी आहेत, त्यांनी वरचं सगळं थोडं बदलून घ्यावं. त्या वयात समोर बसून न्याहाळलेलं मुलांना आवडत नाही. शेजारी चालताना, भांडी आवरताना, गाडीत पुढे बघत असताना ती बोलतात. तिथे प्रश्न कमी विचारा, आणि ती मध्येच गप्प झाली तर ती शांतता भरून काढायची घाई करू नका.